वेशीपलीकडचे गाऱ्हाणे

दक्षिण कोकणात खारवण गावी, खाडीच्या काठाला एक वाकडा माड होता. त्याला नारळ धरत नसत आणि सावलीही बेताचीच, तरी गावातल्या कुठल्याही भरल्या माडाखाली दिसणार नाहीत एवढी माणसे त्याच्याखाली बसलेली असत. कारण त्या माडाच्या बुंध्याशी महाराज बसत. ते कुठून आले, कुणाचे कोण, हे त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. लोक त्यांना 'माडाखालचे महाराज' म्हणत, आणि तेवढ्यावर सगळ्यांचे भागे. भाविकहो, ज्यांच्यापाशी बसले की पोटातली कालवाकालव थांबते, त्यांचे कुळगोत्र हवे कुणाला!

खारवणची खाडी सरळ समुद्राला मिळत नाही. मध्ये वाळूची लांबच लांब पट्टी आडवी पडली आहे. म्हणून खाडी दक्षिणेकडे वळते आणि समुद्राचा आवाज ऐकत, पण त्याला न भेटता, त्याच्या कडेकडेने पार संगमवाडीपर्यंत जाते. तिथे वाळू संपते आणि दोन्ही पाणी एक होतात. दरवर्षी रथसप्तमीला महाराज पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, बसून त्या संगमावर स्नानाला जात, आणि गावातली पंधरावीस माणसेही त्यांच्याबरोबर निघत.

वाटेत, खाडी जिथे अरुंद होते तिथे, पाण्यात एक काळा धोंडा आहे. तो खाडीच्या राखणदाराचा धोंडा. तिथे पडाव थांबवायचा, नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणे घालायचे, त्याशिवाय पुढे जायचे नाही, असा रिवाज. गाऱ्हाणे म्हणजे गावाच्या वतीने देवाला मारलेली हाक. एकाने मोठ्याने म्हणायचे आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. म्हणण्याचा तो मान गावकरांच्या घराण्याचा होता आणि त्या काळी तो रवळोजी गावकराकडे होता.

रवळोजीचा आवाज मोठा देखणा. तो गाऱ्हाणे घालू लागला की पलीकडच्या काठावरचा गुराखीसुद्धा चुकून 'व्हय म्हाराजा' म्हणतो, अशी गावात थट्टा होती. रवळोजीला ती थट्टा फार आवडे. महाराजांना तो नमस्कार करी, पण पाहुण्याला करावा तसा. देवाशी बोलायचे तर आपल्याच तोंडून, बाकीच्यांनी मान डोलवावी, हे त्याच्या मनात पक्के बसले होते. आवाज देवाने दिलेला असतो, हे आवाजवाल्याच्या लक्षात जरा उशिराच येते.

त्या वर्षी माघात थंडी अशी पडली की खाडीवर दाट धुके उतरले. पाणी कुठे संपते आणि काठ कुठे सुरू होतो ते कळेना. उजाडायच्या आधीच पाणी उतरायला लागले होते. त्याला तिकडे सुकती म्हणतात. सुकतीच्या ओढीने दक्षिणेला जाणे सोपे, म्हणून पडाव हाकणारा जिवबा तांडेल घाई करीत होता. महाराज कांबळे पांघरून पडावात येऊन बसले होते. एवढ्यात हातात गाठोडे घेऊन भागीर्थी धावत आली.

भागीर्थी विधवा बाई. पाणी उतरले की चिखलात वाकून तिसऱ्या, खुबे असले शिंपले वेचायचे आणि बाजारात विकायचे, यावर तिचे पोट. पण रोज पहाटे महाराजांच्या माडाखालची जागा झाडून, शिंपून मगच ती चिखलात उतरे. महाराजांपाशी तिने कधी काही मागितले नव्हते. त्या दिवशीही ती त्यांना लांबूनच हात जोडून सरळ रवळोजीसमोर उभी राहिली.

"गावकारानू," ती म्हणाली, "माझा सुंदरा संगमवाडीक अडला हा. परवापासून कळा येतत आणि पोर आडवा. सुईणीन हात टेकल्यान. ह्याच्या आधी दोन गेली हत तेची. माका पडावात घेवा, आणि राखणदाराकडे तेच्या नावान दोन शब्द घाला. तुमचो शब्द देव आयकता."

आता रवळोजीने काय म्हणावे? 'बस बाये' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण पडावात सगळा गाव बसलेला, आणि माणसांसमोर त्याची जीभ नेहमीच जास्त धावे.

"भागीर्थे, तुझा चेडू आता दिल्या घरचा," तो म्हणाला. "गावाची वेस ओलांडलेल्या लेकीचा गाऱ्हाणा तेच्या सासरच्या गावकारान घालूचा. आमच्या राखणदारान दुसऱ्याच्या वेशीत हात घालूचो नाय. पूर्वापार असाच चलत इला हा. आणि पोर आडवा झाला तर राखणदार येवन काय करतलो? तो काय सुईण हा?"

पडावात हशा पिकला. भागीर्थीही ओशाळून हसली, कारण गरिबाला अशा वेळी हसावेच लागते.

"बरा. गाऱ्हाणा नको," ती म्हणाली. "पण पडावात तरी घेवा. पायान जावचा म्हटला तर सांज होतली."

"ये मगे. पण थय मागे बस, पाणी उपसतत थय. तुझ्या गाठोड्याक तिसऱ्यांची घाण येता. आज सणाचो दिवस हा."

गाठोड्यात काय होते? सुंठ, गूळ, अळीव आणि येणाऱ्या बाळाला गुंडाळायला धुऊन मऊ केलेले एक जुने लुगडे. घाण होती ती तिच्या हातांना, जन्मभराच्या चिखलाची. ती निमूट मागे जाऊन बसली आणि करवंटीने पडावातले पाणी उपसू लागली. महाराजांनी डोळे उघडून एकदा रवळोजीकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. ते रागावले असते तर रवळोजीला बरे वाटले असते.

पडाव निघाला. उजव्या हाताला वाळूच्या पट्टीपलीकडे समुद्र गाजत होता, पण दिसत नव्हता. डाव्या हाताला कांदळवन होते, तेही धुक्यात गेलेले. रवळोजी कानटोपी ओढून पुढे बसला होता आणि मागून करवंटीचा आवाज येत होता. पाणी उचलायचे, बाहेर टाकायचे. तो आवाज त्याला नको झाला होता.

कारण 'दिल्या घरची लेक' हे शब्द त्याने काही पहिल्यांदा उच्चारले नव्हते.

त्याला एकच मुलगी होती, मथुरा. घाटाखालच्या गावी दिलेली. मागल्या वर्षी भाताची कापणी चालली असताना तिला ताप आल्याचा निरोप आला. बायको सुभद्रा असेच गाठोडे घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. 'मी जातंय तिच्याकडे. तुम्ही निदान देवाकडे तिच्या नावान हाक मारा,' म्हणाली. रवळोजी तेव्हा चार मानकऱ्यांबरोबर ओटीवर बसला होता. चार माणसांत त्याने तिला हेच सांगितले होते: वेस ओलांडलेली लेक, तिचे गाऱ्हाणे तिच्या सासरचे घालतील, गावकरानेच रिवाज मोडला तर गावाने कुणाकडे बघायचे! मानकऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. रवळोजीला आपले बोलणे तेव्हा फार शोभून दिसले. सुभद्रा गेली खरी, पण ती पोचायच्या आत मथुरा गेली होती.

परत आल्यावर सुभद्रा भांडली नाही, की नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. फक्त रोज संध्याकाळी रवळोजी देवासमोर दिवा लावून घरातले गाऱ्हाणे घाली, तेव्हा चुलीपासून येणारे तिचे 'व्हय म्हाराजा' येईनासे झाले. हे गावात कुणाला माहीत नव्हते. ज्याच्या हाकेला सगळा गाव ओ देई, त्याच्या घरात त्याचे गाऱ्हाणे अर्धेच राहत होते. आणि रिवाज चुकीचा होता असे आता म्हणावे, तर आपल्या लेकीला आपण फुकट मारले असे म्हणावे लागेल. म्हणून तर तो रिवाज त्याने दातओठ खाऊन धरून ठेवला होता. तोच आज त्या गरीब बाईच्या अंगावर फेकला होता. लोक हसले तेव्हा त्याला आतून मेल्याहून मेल्यासारखे झाले होते, पण ते दाखवायचे कुणाला?

एवढ्यात पडावाच्या तळाला काहीतरी घासले. जिवबाने काठी रोवली आणि त्याचा चेहरा उतरला.

"पुळणीर चढलो," तो म्हणाला. "धुक्यात वाट चुकली. धोंडो तो काय समोर हा, पण मधी वाळू."

चारजण पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याएवढे होते आणि बघता बघता पोटरीवर आले. सुकती थांबत नसते. त्यांनी खांदे लावले, काठ्या लावल्या. पडाव हलला नाही. थोड्या वेळाने पडावाच्या दोन्ही बाजूंना ओली वाळू उघडी पडली आणि तिच्यात कुर्ले, म्हणजे खेकडे, पळू लागले.

"आता दुपारची भरती येयपर्यंत हयच," जिवबा म्हणाला. "स्नानाची वेळ चुकली."

मागे करवंटीचा आवाज थांबला. उपसायला पाणीच उरले नव्हते. भागीर्थी उठून उभी राहिली. "जिवबा," ती म्हणाली, "मी चलत जाव काय?"

"खय जातलंस बाये? पुढे धोंड्यापलीकडे खोल पाणी, बाजूक चिखल. कमरेपर्यंत जातलंस."

भागीर्थी गाठोडे पोटाशी धरून खाली बसली. त्या बसण्याकडे रवळोजीने पाहिले आणि मान फिरवली. सुभद्राही उंबऱ्यातून गेली त्या दिवशी गाठोडे असेच पोटाशी धरून गेली होती.

"रवळोजीबाब, गाऱ्हाणा घाला," कुणीतरी म्हणाले. "धोंडो समोर हा. राखणदाराकच सांगा."

सगळ्यांनी टोप्या काढल्या. रवळोजी पडावाच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहिला. त्याने नारळ दोन्ही हातांत धरला, छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात सुरू केले, "बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि पुढचे शब्द आले नाहीत.

लोकांना वाटले, थांबला असेल. रवळोजीलाही तसेच वाटले. त्याने पुन्हा म्हटले, "बा राखणदारा म्हाराजा!" लोकांनी पुन्हा साथ दिली. पुढे काहीच नाही. बापाने शिकवलेले, आजाने बापाला शिकवलेले, झोपेत उठवले तरी न चुकणारे ते गाऱ्हाणे कुणी पुसून टाकल्यासारखे गेले होते. आता पुढचा शब्द काय, तो आठवू लागला. आठवेना. त्या थंडीत त्याच्या कानामागून घाम निघाला. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडले तेव्हा नुसती हवा बाहेर आली, आणि मागे बसलेल्या कुणाला तरी हसू आवरले नाही. सकाळी भागीर्थीला हसले होते तसलेच ते हसू होते.

रवळोजीला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. पण धरणी कुठली, खाली वाळू, आणि तिनेच तर धरून ठेवले होते! नारळ हातात तसाच. सगळा गाव बघतो आहे. आयुष्यभर ज्या आवाजाच्या जोरावर मान ताठ ठेवली, तो आवाज आज चव्हाट्यावर त्याला सोडून गेला होता.

तेव्हा मागून कुणीतरी माणसांमधून वाट काढत पुढे आले. भागीर्थी. तिच्या हातात पितळेचा लहान तांब्या होता.

"घसो सुकलो असात बाबांचो," ती म्हणाली. "थंडीन होता असा. दोन घोट घेवा."

रवळोजीने तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत टोमणा असावा म्हणून त्याने शोधले, पण तिथे टोमणा नव्हता, पोरीची काळजी होती आणि आता त्याचीही. त्याने तांब्या घेतला आणि सगळ्यांदेखत तिच्या हातचे पाणी प्याला. पाण्याला कसलीही घाण येत नव्हती.

पाणी घशाखाली उतरले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. "महाराज," तो वळून म्हणाला, "माका काय येवक नाय. सगळा इसारलंय."

महाराजांनी तेव्हा डोळे उघडले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि सांत्वनही नव्हते. महाराज म्हणाले, "रवळोजी, पाठ केलेला ता गेला. जाऊंदे. जा काय ऱ्हवला हा, ता म्हण."

"पण महाराज, वेस..."

"आपणाक हय ह्या पाण्यान आणला," महाराज म्हणाले. "ह्याच पाणी फुडे संगमवाडीक जाता. तेका खय वेस दिसली काय, विचार बघू."

बस, एवढेच. रवळोजी पुन्हा धोंड्याकडे वळला. या वेळी त्याने छाती भरून घेतली नाही. आवाज निघाला तो बसका, फाटका, म्हाताऱ्या माणसाचा निघावा तसा.

"बा राखणदारा म्हाराजा. हय एक आवस बसली हा. तिचा चेडू संगमवाडीक अडला हा. सुंदरा नाव. सकाळी तिना हात जोडल्यान आणि मी तिची थट्टा केलंय. तेका मोकळा कर म्हाराजा. पोराक सुखरूप भायर काढ."

कुणी साथ दिली नाही. असले गाऱ्हाणे कुणी कधी ऐकलेच नव्हते. तो आणखी हळू बोलला.

"आणि म्हाराजा, एक चेडू माझा होता. मथुरा नाव. तेच्या नावान मी तुका हाक मारूक नाय. वेशीचा निमित्त केलंय. चार माणसांत माझी मान वर ऱ्हवची म्हणान, मी माझ्या चेडवाक एक शब्द दिवक नाय. ता खय असात थय तेका सांभाळ. शिक्षा असात ती माझ्या पदरात घाल. ह्या आवशीच्या पदरात घालू नको."

 मग एकच आवाज आला, बाईचा.

"व्हय म्हाराजा!"

रिवाजाप्रमाणे बायका साथ देत नसत. पण भागीर्थीने दिली, आणि तिच्या मागोमाग जिवबाने, आणि मग सगळ्या पडावाने एका तोंडाने दिली. रवळोजीने फेकलेला नारळ समोरच्या धोंड्यावर फुटला.

भाविकहो, पुढचे सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. जिवबाची काठी वाळूत रोवलेली होती. तिच्या बुडाशी पाणी चमकले. मग कुर्ल्यांची बिळे भरली. सुकती निम्म्यावर असताना, भरतीला अजून किती तरी वेळ असताना, दक्षिणेकडून पाणी उलटे चढत आले! त्याला ना फेस होता, ना खळखळ. भांड्यात हळूच दूध ओतावे तसे ते नुसते वर आले. पडावाने अंग हलवले आणि तो तरंगला. धुके मधोमध फाटले आणि डाव्या हाताला डोंगरावर सूर्यनारायण वर आलेला दिसला. त्याच सकाळी खालच्या वाडीच्या बायका खुबे काढायला चिखलात उतरल्या होत्या. त्यांच्या पाट्या तरंगत गेल्या, आणि त्या पाट्यांची गोष्ट त्या पुढे म्हाताऱ्या होईपर्यंत सांगत असत.

"माडाखालचे महाराज की जय!" असा गजर झाला. महाराज मात्र थंडीने कांबळे घट्ट ओढून म्हणाले, "जिवबा, जयजयकार मगे कर. आधी काठी मार. थय सुंदरा वाट बघता."

संगमवाडीच्या काठाला पडाव लागायच्या आत एक बाई धावत पाण्यापर्यंत आली. ती सुंदराची सासू. लांबूनच ती ओरडली, "इहीणबाय, मोकळी झाली! चेडू झाला! दोघांय सुखरूप हत!"

भागीर्थीने गाठोडे छातीशी दाबले आणि आधी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. सासूला थांबवत नव्हते. ती एका दमात सांगू लागली, "आमी आशा सोडली होती गो. सूर्य वर येवच्या वक्ताक खळ्यात कोणतरी गाऱ्हाणा घालूक लागलो. 'सुंदरा नाव' म्हणालो, 'तेका मोकळा कर' म्हणालो. भायर बघतंय तर खळ्यात माणूस नाय! आणि आत सुईण आराडली, पोर फिरला म्हणान. मगे त्या आवाजान दुसरा नाव घेतल्यान, 'मथुरा'. आणि त्याच वक्ताक पोर रडला. आमच्या घरात मथुरा कोण नाय. आमी म्हटला, देवानच नाव दिल्यान. चेडवाचा नाव मथुरा!"

रवळोजी पडावातून उतरत होता. त्याचा पाय पाण्यात पडला तो तिथेच राहिला. "काय म्हटलात?" एवढेच तो बोलला.

सासूने त्याच्याकडे पाहिले आणि तिचे डोळे विस्फारले. "ह्योच!" ती म्हणाली. "ह्योच आवाज! बाबानू, तुमीच इल्यात आमच्या खळ्यात!"

झाले! काठावरची माणसे धावली. खारवणची माणसे तर आधीच भारावलेली. मघाशी पडावात हसलेला माणूस सगळ्यांत मोठ्याने रवळोजीचे नाव घेऊ लागला. 'दोन कोसांवर आवाज पोचलो', 'असो गावकार होवचो नाय', असा एकच गलका झाला. कुणी त्याच्या पायांना हात लावला. आणि हे सगळे कमी पडले म्हणून की काय, भागीर्थी पुढे झाली आणि त्याच्यासमोर वाकू लागली.

कालचा रवळोजी असता तर त्याने आशीर्वादाला हात उचलला असता. आज त्याला ती स्तुती तोंडावर चिखल मारल्यासारखी लागली. जो शब्द त्याने हसण्यावारी नेला, जो तोंडातून काढताना त्याचा जीव गेला, तोच शब्द महाराजांनी उचलून त्या खळ्यात नेऊन ठेवला होता, आणि कौतुक मात्र त्याचे होत होते. आणि ते 'मथुरा' हे नाव! वर्षभर स्वतःच्या घरात ज्याचा उच्चार करायला तो भ्याला, ते नाव एका परक्या घरात आजपासून रोज हाक मारायला राहणार होते.

"नको!" तो ओरडला आणि मागे सरला. "माझ्या पायाक हात लावशात तर तुमका पाप लागात! आवाज माझो नाय. ह्या बायेन सकाळी हात जोडल्यान तेवा ह्याच तोंडान मी म्हटलंय, राखणदार काय सुईण हा? तुम्ही सगळे हसल्यात. मी हसवलंय तुमका. वाळूत अडाकलो तेवा माझी जीभ गेली, आणि हिना माका पाणी दिल्यान. जा काय घडला ता हिच्या भक्तीन आणि महाराजांच्या कृपेन. मी फक्त उशीर केलंय. एकदा नाय, दोनदा."

असे म्हणून तो महाराजांच्या पायांवर पडला आणि लहान मुलासारखा रडू लागला. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण पाय मागे घेतले.

महाराज म्हणाले, "हय नको, रवळोजी. मी तुझ्यार रागवाकच नाय. जेची थट्टा केलंस, थय जा."

रवळोजी उठला. सगळ्या गावासमोर, सणाच्या धोतरानिशी, तो ओल्या वाळूत भागीर्थीसमोर गुडघे टेकून वाकला. ती बिचारी गोंधळून गेली. "बाबानू, ह्या काय? उठा, थंडी हा, धोतार भिजला," म्हणू लागली. तिला तेवढेच सुचले. मग तिने त्याला हाताला धरून उठवले, आणि चिखलाचा तो हात त्यानेही सोडला नाही. "चला," ती म्हणाली, "तुम्हीच आधी तेका बघा. तुमच्या मथुराचा नाव आसा तेका."

रवळोजीने बाळ पाहिले. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले, मुठी आवळलेले. त्याने हात पुढे केला आणि परत घेतला. घेऊ की नको, हे त्याला ठरवता येईना, तेव्हा भागीर्थीनेच ते त्याच्या ओंजळीत ठेवले. नंतर सर्वांनी संगमावर स्नान केले, सूर्याला अर्घ्य दिले, आणि दुपारच्या भरतीबरोबर पडाव उत्तरेला परतला. रवळोजी या वेळी मागे बसला होता. पाणी तोच उपसत होता.

दिवेलागणीला तो घरी पोचला. सुभद्रा चुलीपाशी होती. त्याने हातपाय धुतले, देवासमोर दिवा लावला आणि उभा राहिला. पाठ असलेले गाऱ्हाणे परत आले होते की नाही, ते त्याने पाहिलेही नाही.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "आमचा मथुरा... तेच्या नावान हाक मारूक माका उशीर झालो. बापूस असान मी तेका वेशीभायर ठेवलंय. तेका आज ह्या घरात घे म्हाराजा. आणि तेच्या आवशीन माझ्याकडे बघूचा की नाय, ता तिच्यार सोड. माझो हट्ट नाय."

चुलीवरच्या तव्याचा आवाज थांबला.  रवळोजी खाली बघत उभा होता, आणि आता काही ऐकू येणार नाही असे त्याने मनाशी धरले होते.

मग आतून, धुराने की रडण्याने भरलेल्या आवाजात, सुभद्रा म्हणाली, "व्हय म्हाराजा."

रवळोजी गावकराने तिथेच जमिनीवर मस्तक टेकले आणि दिवा विझेपर्यंत ते उचलले नाही. त्या वर्षापासून खारवणच्या गाऱ्हाण्यात, दिल्या घरच्या लेकींची नावे सगळ्यांत आधी घेतली जातात. माडाखालचे महाराज तुमच्या-आमच्याही लेकींना, त्या कुठल्याही वेशीपलीकडे असोत, सुखी ठेवोत!